न ऐकलेला बार

मच्छिंद्र मुका झाला, ही बातमी आमच्या गावात एसटीच्या आधी पोचली. तो जामखेडला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत उभा होता, तेवढ्यात कोणीतरी सायकल मारत येऊन सांगितलं की सुरुंगवाला मच्छिंद्र पुण्याहून परत आलाय आणि त्याची वाचा गेलीय. ओळखीच्या माणसांनी हाका मारल्या, त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. नुसते हात जोडले आणि मान खाली घातली.

चावडीपर्यंत येता येता बातमी बाळसं धरत गेली. भीमाबाई म्हणाली, तिकडं त्याला कसलातरी काढा पाजला. छगनराव सरपंच म्हणाले, इतकी वर्षं सुरुंगाच्या दारूचा धूर खाल्लाय, कधीतरी जीभ झडायचीच. मी तर सख्खा शेजारी, मागं कसा राहीन? मी म्हणालो, "अहो, तिथं गेल्यागेल्या जिभा जमा करून घेतात आणि पावती देतात. हा पावती हरवून बसला असणार."

दुपारी खुलासा झाला. मच्छिंद्र गेला होता ध्यानाच्या शिबिराला. तिथं दहा दिवस बोलायचं नाही असा नियम. शेवटच्या दिवशी मौन सुटलं, बाकीची मंडळी बोलायला लागली, पण मच्छिंद्र बोलला नाही. पहिला शब्द त्यानं राखून ठेवला होता. एसटीतून उतरला तो घरी न जाता, पिशवी काखेत तशीच धरून, थेट थोरल्या बहिणीच्या दारात गेला. राहीबाईच्या. तिथं तो बोलला. काय बोलला ते दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं, आणि ज्यांना सकाळी तो मुका झाल्याचं वाईट वाटत होतं तीच माणसं म्हणायला लागली, की मुका झाला असता तर बरं झालं असतं.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

मच्छिंद्राच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. माझ्या आजोबांनी मिशनच्या साहेबाकडून बाप्तिस्मा घेतला, मच्छिंद्राच्या बापानं छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली. इकडं येशू आला, तिकडं बुद्ध आला, पण मधली भिंत होती तशीच राहिली. तिला एक भोक आहे. ते कोणी बुजवायचं यावरून माझी रेबेका आणि मच्छिंद्राची लंकाबाई यांचं भांडण दोन्ही धर्मांना पुरून उरलंय. मला ते भोक बुजलेलं नकोच आहे. त्यातून काय काय ऐकू येतं ते मी इथं लिहीत बसलो तर मला गाव सोडावं लागेल.

मच्छिंद्राचा धंदा विहिरीला सुरुंग लावायचा. आमच्या भागात पाणी खडकाखाली असतं, आणि खडक काही विनंतीला मान देत नाही. पहारीनं आणि घणानं खडकात भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती सोडायच्या. मग बाकी सगळ्यांना वर काढायचं आणि एकट्यानं वाती पेटवून यारीच्या दोरानं वर यायचं. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचा लाकडी सांगाडा. माणूसही तिच्यावरूनच वरखाली होतो. वर आल्यावर ओरडायचं, "सुरुंग हाय रं! लांब व्हा!" आणि मग कान लावून बसायचं.

हे कान लावून बसणंच खरं काम. जितके बार ठासले तितके आवाज आले पाहिजेत. एखादा कमी आला तर तो बार खाली जिवंत पडलेला असतो, आणि मग त्या दिवशी कोणी खाली उतरायचं नसतं. ते सुरुंगवाल्यानंच सांगायचं. तो म्हणाला "उतरा" की उतरायचं. सरपंच असो नाहीतर मामलेदार, त्या एका शब्दापुरता सगळ्यांवर मच्छिंद्राचा हुकूम चालायचा. ज्या विहिरीच्या काठावर त्याच्या बापाला उभं राहता येत नव्हतं, तिच्या तळाशी हा दारू ठासत होता आणि वरच्यांना हुकूम सोडत होता. त्याची चाल त्यामुळं थोडी रुबाबदार झालेली होती. मी चिडवायचो, "मच्छिंद्र, नाव नाथाचं, धर्म बुद्धाचा आणि ऐट कलेक्टरची!" तो म्हणायचा, "मास्तर, कलेक्टरला लावू द्या की एक बार."

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका मळ्यातल्या विहिरीवर त्यानं बार लावले. हाताखाली त्याचा मेहुणा आसाराम, म्हणजे राहीबाईचा नवरा. बार उडाले. मच्छिंद्र म्हणाला, "उतरा, दाजी." आसाराम पहार घेऊन उतरला. एक बार राहिला होता. पहारीनं तो जागा झाला.

पुढचं मी लिहीत नाही. आसारामला वर आणलं तेव्हा मी तिथं होतो, एवढंच.

गावानं दोष डोंगराला दिला. आमच्यामागं बालाघाटाची जी रांग आहे तिच्यात आवाज घुमतो. शाळेतली पोरं तिच्याकडं तोंड करून एकमेकांना शिव्या देतात आणि डोंगर त्या इमानानं परत करतो. तर सगळे म्हणाले, एका बाराचा आवाज डोंगरावरून फिरून आला, मच्छिंद्रानं तोच शेवटचा बार धरला, माणूस फसणारच. पोलीसपाटलानं तसंच सांगितलं. मच्छिंद्र काहीच बोलला नाही. राहीबाईनंही ते मानलं. तिनं स्वतः भावाला सांगितलं, "तुझ्या दाजीची येळ भरली हुती. डोंगरानं फसवलं, तू काय करशील?" आणि ती रोज सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन त्याच्या चुलीतला विस्तव न्यायला येत राहिली, पूर्वी यायची तशीच. काडेपेटी तिच्याकडं होती. विस्तवाचं निमित्त होतं. भावाचं दार सोडलं नाही, हे गावाला आणि भावाला दिसावं म्हणून ती येत होती.

पण मच्छिंद्र बिघडला. धंदा बंद केला आणि मिळेल त्या कामाला जायला लागला. घरात पातेलं पडलं तरी दचकायचा. मीठ आणायला गेला तर कापूर घेऊन यायचा, बोलता बोलता मधेच थांबून डोंगराकडं बघायचा. एकदा शेळी बांधायला म्हणून दोर घेऊन गेला आणि दोर घेऊनच परत आला. शेळी तोवर माझ्या ओट्यावर उत्तरपत्रिका खात होती. मी म्हणालो, "बरं झालं, सगळ्या नापासांची सोय झाली." तो हसला नाही. पूर्वी हसायचा.

भिंगारचा सहादेव हा लंकाबाईच्या नात्यातला. रविवारी बुद्धवंदना घेणारा, वाचणारा, फिरणारा माणूस. त्यानं हे बघितलं आणि म्हणाला, पुण्याकडं एका धर्मशाळेत शिबिर आहे, तिथं मन जागेवर आणायला शिकवतात. मी भिंतीपलीकडून ऐकत होतोच. बहात्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेलेला, गावात खायला रेशनवरची परदेशी ज्वारी, तांबडा मिलो, आणि हा निघाला डोळे मिटायला. मी म्हणालो, "अरे, आम्हीही डोळे मिटतो, पण काहीतरी मागायला. तिथं मिटून काय मागायचं असतं?"

"काय बी मागायचं न्हाई म्हनत्यात, मास्तर."

"मग एवढ्या लांब कशाला जातोस? न मागता बसायची सोय इथंही आहे. दुष्काळी कामावर बघ, किती जण बसलेत!"

तो गेला. आणि तिथं काय झालं ते त्यानं पुढं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघा. बाकी काही करू नका. शिकवणारे हिंदीत बोलत, त्यातलं निम्मं याला कळायचं, पण बघा म्हणजे बघा, हे कळलं. बघायला लागला तर श्वास एकदा दिसायचा आणि मन पळायचं. परत आणायचं, परत पळायचं. त्याला वाटलं होतं, मन पळून जाईल ते आसारामच्या रक्ताकडं जाईल. पण ते तिथं जात नव्हतं. ते जायचं जामखेडच्या एका दुकानात.

त्या दुकानात दोन ट्रान्झिस्टर ठेवलेले होते, एक लाल, एक पांढरा. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मच्छिंद्राच्या मनात रेडिओ घ्यायचं होतं. वाती पेटवून वर आला, ओरडला, दगडाआड बसला, आणि बार उडत असताना तो मनातल्या मनात त्या दुकानात उभा होता. लाल घ्यावा का पांढरा. लालला चामड्याचं पाकीट होतं. बार संपले तेव्हा तो भानावर आला, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, आणि 'मी ऐकलंच नाही' असं म्हणायची लाज वाटली म्हणून तो म्हणाला, "उतरा, दाजी."

डोंगरानं काही केलं नव्हतं. डोंगराचा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता, खरा बारही नाही आणि खोटाही नाही. गावानं डोंगर पुढं केला तेव्हा तो त्याच्यामागं लपला, आणि लपता लपता त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. शिबिरात डोळे मिटून बसल्यावर डोंगर बाजूला झाला आणि दुकान दिसलं. रोज दिसलं. "मास्तर, लोक तिथं शांत व्हायला येत्यात," तो मला म्हणाला. "मी रडत हुतो. बोलायचं न्हाई, पर रडू नगं असं कोन म्हनत न्हवतं."

आणि हेच तो पिशवी काखेत धरून राहीबाईला सांगायला गेला.

ती दारात मिलो निवडत बसली होती. शेजारच्या भागूबाईनं सगळं ऐकलं, म्हणून मला ते शब्दाला शब्द माहीत आहे. तो म्हणाला, "अक्का, डोंगरानं काय केलं न्हाई. मी ऐकतच न्हवतो. माझं मन रेडिओत हुतं." राहीबाईचे हात सुपात थांबले. मग तिनं विचारलं, "कोनता घेनार हुतास?"

तो म्हणाला, "लाल."

ती सूप घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती विस्तवाला आमच्याकडं यायला लागली. मच्छिंद्राचं दार आधी लागतं, आमचं नंतर. गोवरीचा तुकडा घेऊन ती त्याच्या दारावरून मान न वळवता पुढं यायची. रेबेका चुलीतला निखारा द्यायची. आमच्या घरात एरवी बडबडीला खंड नसतो, पण त्या वेळेला मीसुद्धा गप्प बसायचो. पलीकडं मच्छिंद्र भिंतीला पाठ लावून ध्यानाला बसलेला असायचा. ती आलेली त्याला ऐकू जायचीच.

गावानं त्याला मूर्खात काढलं. तरण्या माणसांनी त्याला नाव ठेवलं 'लाल रेडिओ'. म्हातारे म्हणाले, मेलेल्याचं काय फिटणार होतं सांगून? बाईच्या मनाला जी एक समजूत होती तीही काढून घेतली. मीही त्याला म्हणालो, "आमच्यात पापकबुलीला निदान पाद्री असतो, तो कोणाला सांगत नाही. तू थेट बहिणीलाच पाद्री केलंस?" तो म्हणाला, "तुमच्या पाद्र्याचा नवरा न्हवता ना मेलेला."

मी लंकाबाईला विचारलं, शिबिराचा काही गुण आला का? ती करवादली. "आदी इचारलं तर ऐकायचा न्हाई. आता समदंच ऐकतो! मी चुलीपाशी तोंडातल्या तोंडात काय म्हनले तरी माघारी जबाब येतो. पयला नवरा बरा हुता, भावजी, त्याला शिव्या तरी देता येत हुत्या."

मीठ आणायला गेला की मीठ आणायचा, हे मात्र खरं. शेळीही बांधलेली असायची. बाकी तो हसरा वगैरे काही झाला नाही. शिबिरातून माणूस उजळून येतो असं सहादेव सांगायचा. आमचा हा उलट काळवंडलेला आला. फक्त पूर्वी तो दुःखात असायचा आणि कुठंतरी भलतीकडं बघत असायचा. आता दुःखात असायचा आणि समोर बघत असायचा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. गावच्या मोठ्या विहिरीनं तळ दाखवला. ती खोल करायचं काम निघालं, आणि छगनरावांना सुरुंगवाला मिळेना. सगळ्या तालुक्यात विहिरी खणणं चाललेलं, सगळे सुरुंगवाले अडकलेले. शेवटी ते स्वतः आमच्या आळीत आले. मच्छिंद्रानं आधी नको म्हटलं. मग म्हणाला, "लावीन. पर मी म्हनंन तवाच मानूस उतरंल." छगनराव म्हणाले, "व्हय रं बाबा, तुझाच हुकूम."

काम सुरू झालं. शाळेला सुट्टी होती, म्हणून हजेरी मांडायला मी काठावर. तळाशी दगडाच्या पाट्या भरायला ज्या बाया होत्या त्यांत राहीबाई होती. मच्छिंद्र वाती पेटवून वर यायचा, एका दगडावर जाऊन बसायचा. मला वाटलं होतं डोळे मिटेल. नाही मिटले. उघड्या डोळ्यांनी, हात मांडीवर ठेवून, दगडासारखा बसायचा. बार उडायचे. मग तो म्हणायचा, "उतरा," आणि बाया उतरायच्या. राहीबाई सगळ्यात शेवटी. भावाकडं बघायची नाही, पण त्याचा शब्द आल्याशिवाय यारीला हातही लावायची नाही.

असे बरेच दिवस सुरळीत गेले. मग तो दिवस आला. तळाचा खडक आदल्या दिवशी ओलसर लागला होता. सगळं गाव हंडे घेऊन काठावर. बायांनी सकाळपासून हंड्यांच्या रांगा लावलेल्या, त्यावरून भांडणंही झालेली. मच्छिंद्रानं बार लावले, वर आला, ओरडला, बसला. बार उडाले, धूर वर आला, धुरळा बसला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

तो काही बोलेना.

छगनराव म्हणाले, "काय रं? उडाले का समदे?"

"माहीत न्हाई."

"माहीत न्हाई म्हंजे? सुरुंगवाला तू का मी?"

"मधी दोन एका टायमाला उडाल्यासारके वाटले. दोन हुते का एकच, ते मला कळलं न्हाई."

"मग तुझं लक्ष कुठं हुतं?"

"हितंच हुतं."

"समद्या गावानं ऐकलं, समदे उडाले म्हनून! मास्तर, तुमी सांगा, उडाले का न्हाई?"

मी तोंडाशी आलेला विनोद गिळला. कोणीतरी मागून ओरडलं, "पुन्ना रेडिओ लागला जनू!" काठावर हशा पिकला. छगनराव आता खरंच तापले होते. ऊन डोक्यावर, हंडे रिकामे, आणि एका माणसाला माहीत नाही म्हणून सगळं थांबलेलं. ते यारीपाशी उभ्या असलेल्या बायांकडं वळले. "तुमी उतरा गं. ह्याचं काय ऐकता? राहीबाई, तुला तर ह्याचे कान चांगलेच ठावं हायेत. चल, हो पुढं."

सगळ्या बाया राहीबाईकडं बघायला लागल्या. ती उतरली असती तर सगळ्या उतरल्या असत्या. मच्छिंद्र दगडावरून उठून उभा राहिला, पण हाक मारायची त्याची छाती झाली नाही. राहीबाईनं पहिल्यांदाच, त्याच्या चुलीचा विस्तव सोडल्यापासून पहिल्यांदा, त्याच्या तोंडाकडं सरळ बघितलं. मग हातातली पाटी जमिनीवर उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

झालं. तिच्या मागं दुसरी बसली, तिसरी बसली. त्या दिवसाचं काम बुडालं. माणसं हंडे आपटत, मच्छिंद्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी गेली. त्यात आमची आळीही मागं राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा दोरानं खाली गेला. काठावर गाव मुकाट उभं. एकेक भोक तो हातानं चाचपत होता ते वरून दिसत होतं. राहीबाई काठाच्या अगदी जवळ उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

तो वर आला. म्हणाला, "समदे उडाल्यात. एक बी राह्यला न्हवता."

मग जे हसू उठलं ते डोंगरानंही परत केलं. छगनराव हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मला माहीत न्हाई म्हननारा सुरुंगवाला परवडत न्हाई, मच्छिंद्र. उद्या बीडकडनं मानूस येतोय." तळाला जी ओल लागली होती ती सुकून गेली होती. मच्छिंद्रानं पहार उचलली, दोर गुंडाळला. बाया यारीकडं निघाल्या. राहीबाई पाटी घेऊन त्याच्या अंगावरून पुढं गेली, थांबली, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिशी असं म्हनला असतास तर."

आणि खाली उतरून गेली.

तो तिथंच उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून घराकडं घेऊन निघालो. वाट लांब, ऊन मरणाचं, आणि हा गप्प. मला गप्प माणूस सोसत नाही; आणि याच्या गप्प बसण्यात काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून तर मुळीच सोसेना. उद्या सकाळीही राहीबाई विस्तवाला आमच्याकडंच येणार, हेही मला माहीत होतं. म्हणून मी आपलं नेहमीचं काढलं. म्हटलं, "काय रे मच्छिंद्र, दहा दिवस तोंड बांधून बसलास, सहा महिने माझ्या भिंतीला पाठ लावून बसतोयस, लक्ष लावायचं एवढं शिकलास, आणि शेवटी बार ऐकू आला नाही तो नाहीच की!"

त्यानं दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग म्हणाला, "न्हाई आला, मास्तर. पर न्हाई आला, हे कळलं."